उसने बळ

आमच्या नोकरीविषयी आमच्या आईच्या मनात एक शंका आहे आणि गेल्या दहा-बारा वर्षांत तिचे पुरते समाधान आम्ही करू शकलेलो नाही. आमचे आजोबा वसईत पानवेलीची वाडी करीत. त्यांचे काम येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत असे. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या नखांत बसलेले काळे वंगणच त्यांच्या दिवसाची हकीकत सांगे. आम्ही मात्र घरी परततो तेव्हा आमच्या हाताला काहीच लागलेले नसते. एका रविवारी जेवताना आईने सरळच विचारले, "तू दिवसभर करतोस तरी काय?" आम्ही जरा ऐटीतच उत्तर दिले की, आम्ही आभासी यंत्रे सांभाळतो. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "आभासी म्हणजे खोटीच ना? मग खोट्या यंत्रांचा खरा पगार तुला देतं कोण?"

पानावर बसलेली सारी मंडळी हसली. आम्हीही हसलो. परंतु तो प्रश्न आमच्यापाशी राहिला; आणि पुढे दोन प्रसंग असे आले की, त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला आमच्याच चुकांतून शोधावे लागले. आज आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुलेमुली याच व्यवसायात आहेत आणि त्यांच्या आईवडिलांनाही हीच शंका पडत असेल. म्हणून ते दोन्ही प्रसंग येथे सांगावेसे वाटतात.

प्रथम त्या शब्दाविषयी. 'आभासी' हा शब्द आपण सर्वजण शाळेत आरशाच्या धड्यात शिकलो. आरशातील प्रतिमा आभासी असते, कारण ती पडद्यावर घेता येत नाही, असे गुरुजी सांगत. आज मात्र ज्याला आपण आभासी म्हणतो ते सारे पडद्यावरच असते, हा काळाचा एक विनोदच म्हणावयाचा. मराठीत आभास म्हटला की लगेच फसवणुकीचा वास येतो. दोरीच्या ठिकाणी साप दिसावा, तसा. परंतु इंग्रजीतील ज्या 'व्हर्च्युअल' शब्दासाठी आपण हा शब्द योजला, त्याचे मूळ लॅटिन भाषेतील 'व्हिर्तुस' या शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ बळ, सामर्थ्य, सद्गुण असा होतो. जे प्रत्यक्ष त्या रूपात नाही, परंतु ज्याच्या अंगी त्याचे सामर्थ्य आहे, ते 'व्हर्च्युअल'.

एका वयोवृद्ध फादरांशी बोलताना आम्हांला कळले की, ख्रिस्तसभेच्या ईशज्ञानात हा शब्द संगणकाच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. धर्मगुरू मिस्सा अर्पण करण्याच्या हेतूने वेदीकडे निघतो; पुढे प्रार्थना म्हणताना त्याचे मन क्षणभर दुसरीकडे भरकटते. तरीही त्याने आरंभी केलेला संकल्प त्याच्या कृतीत आपले बळ राखून असतो आणि संस्कार खरा ठरतो. अशा संकल्पाला ईशज्ञानी 'व्हर्च्युअल' संकल्प म्हणतात. तो खोटा नसतो. आधी कधीतरी खरोखर केलेल्या संकल्पाच्या बळावर तो उभा असतो. त्या दिवशी आम्हांला आमच्या व्यवसायाचे नाव नव्याने कळले. ते उसने बळ होते.

आता हे आभासी यंत्र म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगतो. एक मोठा, बळकट संगणक असतो. त्याच्यावर एक कारभारी प्रणाली बसविलेली असते. तिला हायपरव्हायजर म्हणतात. ही प्रणाली त्या एका संगणकाची शक्ती, स्मृती आणि साठवणीची जागा वाटून त्यातून दहा-वीस संगणक उभे करते. यांतील प्रत्येकाला वाटते की आपण स्वतंत्र आहोत, ही स्मृती आपली, ही डिस्क आपली. या व्यवसायात मूळ संगणकाला 'होस्ट' म्हणजे यजमान आणि त्याच्यावर चालणाऱ्या यंत्रांना 'गेस्ट' म्हणजे पाहुणे म्हणतात. गंमत अशी की, आपण कोणाच्या घरी उतरलो आहोत हे या पाहुण्याला सहसा ठाऊकच नसते. तो घराचा मालक असल्यासारखा वावरतो. यजमानाला स्मृती कमी पडू लागली की तो पाहुण्याच्या आत एक फुगा फुगवितो. पाहुण्याला वाटते की आपल्याच घरातील सामान वाढले, म्हणून तो आवरासावर करून जागा मोकळी करतो आणि ती जागा यजमान दुसऱ्याला देतो. यजमान फारच कामात असला तर पाहुण्याला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. त्या थांबलेल्या वेळाची त्याला जाणीवही नसते आणि म्हणून कधीकधी त्याचे घड्याळ मागे पडते.

ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज येथे आयबीएमचे एक विज्ञान केंद्र होते. तेथील अभियंत्यांनी तयार केलेली सीपी-४० नावाची प्रणाली १९६७ च्या जानेवारीत रोजच्या वापरात आली. एका संगणकावर एकाच वेळी चौदा आभासी यंत्रे ती चालवीत असे. त्या काळी संगणक एवढा महाग होता की माणसागणिक एक देणे अशक्य होते. एकच यंत्र वाटून घेणे आणि तरीही प्रत्येकाला आपले स्वतःचे यंत्र मिळाल्याचे समाधान देणे, हा त्यामागील हेतू होता. १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० या नावाने ही सोय आपल्या ग्राहकांना दिली. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, पोपेक आणि गोल्डबर्ग या दोन अभ्यासकांनी अशा यंत्राच्या अटी नेमकेपणाने मांडल्या. पाहुण्याला मूळ यंत्रासारखाच अनुभव आला पाहिजे, वेगात फारशी घट होता कामा नये, आणि सर्व साधनांवर अखेरचा ताबा कारभाऱ्याचाच राहिला पाहिजे.

पुढे स्वस्त वैयक्तिक संगणक आले आणि या विद्येची गरज काही काळ कमी झाली. शिवाय या लहान संगणकांच्या प्रोसेसरमध्ये एक अडचण होती. त्यांच्या काही आज्ञा अशा होत्या की, पाहुण्याने त्या दिल्या तर कारभाऱ्याला वर्दी न जाता गुपचूप वेगळेच उत्तर मिळे. पेंटियम प्रोसेसरमध्ये अशा सतरा आज्ञा असल्याचे २००० साली अभ्यासकांनी मोजून दाखविले. त्याआधीच, १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने अशा आज्ञा चालता चालता बदलून टाकण्याची युक्ती काढली होती आणि १९९९ मध्ये आपले पहिले उत्पादन बाजारात आणले होते. २००३ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून 'झेन' नावाचा हायपरव्हायजर पुढे आला. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच या विद्येची सोय केली. २००६ च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉनने तासाला दहा सेंट घेऊन दूरच्या इमारतीतील आभासी यंत्र भाड्याने देण्यास प्रारंभ केला. आज ज्याला सर्वजण 'क्लाउड' म्हणतात, त्या ढगाखाली हेच यजमान आणि हेच पाहुणे आहेत.

आमची या विद्येशी ओळख झाली ती मुंबईतील एका मालवाहतुकीच्या कार्यालयात. तेथे एका वातानुकूलित खोलीत अठरा संगणक दिवसरात्र घुमत असत आणि त्यांतील बहुतेकांना दिवसभरात फारसे काम नसे. २०१४ साली आम्ही त्या अठरांना आभासी रूप देऊन तीन यजमान यंत्रांवर वसविले. खोली शांत झाली, विजेचे बिल उतरले आणि आमची पाठ थोपटली गेली. कोणतेही यंत्र चार कळा दाबून उभे करावे, नको असल्यास पुसावे, असे सामर्थ्य हाती आले. त्याहूनही मोह पाडणारी गोष्ट म्हणजे 'स्नॅपशॉट'. काही धोक्याचा बदल करण्यापूर्वी यंत्राची त्या क्षणाची स्थिती टिपून ठेवावयाची. बदल फसला की एक कळ दाबून पुन्हा त्या क्षणाला परतावयाचे. झालेली चूक जणू झालीच नाही! आयुष्यात जे कोणालाही लाभत नाही, ते आम्हांला रोज लाभत होते. सवयीने माणूस धीट होतो. आम्ही निष्काळजी झालो.

कार्यालयाच्या सर्व बिल्ट्यांची नोंद एका आभासी यंत्रात होत असे. मालाची प्रत्येक खेप, तिचे भाडे, पोहोच, येणे बाकी, सारे त्यात होते. त्याच्यावर काही प्रसंग ओढवला तर लागलीच काम हाती घेण्यासाठी त्याचा एक जोडीदार आम्ही दुसऱ्या यजमान यंत्रावर तयार ठेविला होता. पूर्वी आम्ही रोज रात्री सर्व नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेत असू. स्नॅपशॉट हाती आल्यावर ते काम आम्ही शनिवारपुरतेच ठेविले. २०१७ च्या पावसाळ्यात दुसऱ्या यजमान यंत्राची स्मृती वाढवावयाची होती, म्हणून त्याच्यावरील जोडीदाराला आम्ही दोन दिवसांसाठी पहिल्या यजमानावर हलविले. स्मृती बसविली, यंत्र पुन्हा सुरू केले आणि जोडीदाराला परत पाठविण्याचे विसरून गेलो. सात आठवडे आमच्या पडद्यावर दोन यंत्रांची दोन नावे, दोन हिरवे दिवे, शेजारी शेजारी दिसत राहिले. आम्ही रोज सकाळी ते पाहून निश्चिंत होत असू. दोघेही आता एकाच छपराखाली झोपत आहेत, हे तो पडदा सांगत होता. पण त्यासाठी आणखी एक कळ दाबावी लागे, आणि ती आम्ही दाबली नाही.

एका गुरुवारी मध्यरात्रीनंतर पहिल्या यजमानातील सर्व डिस्का एकत्र बांधणारे कार्ड निकामी झाले. डिस्का दिसावयास धड होत्या, परंतु त्यांच्यावरील मजकुराची घडी पार विस्कटली होती. मुख्य यंत्र गेले आणि त्याचा जोडीदारही त्याच क्षणी गेला. स्नॅपशॉटही गेले, कारण स्नॅपशॉट ही स्वतंत्र प्रत नसते. मूळ डिस्क गोठवून तिच्यापुढचे बदल तेवढे वेगळे लिहिले जातात. मूळच नाहीसे झाले की त्या बदलांना काही अर्थ उरत नाही. हे आम्ही पुस्तकात वाचलेले होते. हाती उरली ती मागील शनिवारची प्रत. सोमवारपासून गुरुवारपर्यंतच्या चार दिवसांत सहाशेहून अधिक बिल्ट्या झाल्या होत्या. त्यांतील एकीचीही नोंद उरली नव्हती.

व्यवस्थापकांनी विचारले, "काय झालं?" आम्ही म्हणालो, "कार्ड जळालं." हे खरे होते. त्यात एक अक्षरही खोटे नव्हते, आणि तरीही ते आमच्या आयुष्यातील मोठ्या खोट्यांपैकी एक होते.

त्या कार्यालयात निवृत्तीला आलेल्या एक ज्येष्ठ लेखनिक बाई होत्या. प्रत्येक बिल्टीची कार्बन ठेवून काढलेली तिसरी प्रत त्या तारखेप्रमाणे फाईलला लावून ठेवीत. संगणक आल्यावर हा उद्योग व्यर्थ आहे, असे आम्ही त्यांना अनेकदा, आणि फारशा नम्रपणे नव्हे, सांगितले होते. त्या फक्त मान डोलावीत आणि फाईल लावीत. आता त्याच फायली आमच्या टेबलावर आल्या. शनिवारी आणि रविवारी आम्ही दोघे कार्यालयात बसलो. त्या वाचीत आणि आम्ही नोंदवीत असू. त्यांची बोटे कार्बनने निळी झाली होती. रविवारी संध्याकाळी चहा घेताना त्यांनी सहज विचारले, "तुम्ही म्हणाला होतात ना, की एक बंद पडलं तर दुसरं चालू होतं? मग दुसरं कुठं होतं?"

त्यांच्या स्वरात आरोप नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. आम्ही त्यांना सर्व सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "मग दोन नव्हतीच. नावं दोन होती." सोमवारी सकाळी आम्ही व्यवस्थापकांसमोर उभे राहून दोन दिवसांसाठी केलेली ती हलवाहलव, सात आठवड्यांचा तो विसर आणि रोजची प्रत बंद करण्याचा आमचा निर्णय, हे सारे कबूल केले. त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग विचारले, "पुन्हा होणार नाही याची व्यवस्था काय?" त्या दिवसापासून यंत्रखोलीच्या दारावर एक कागद डकविलेला असे. कोणते आभासी यंत्र कोणत्या यजमानावर उभे आहे, आणि त्याची प्रत त्या खोलीबाहेर कोठे आहे, हे दर सोमवारी आम्ही त्याच्यावर पेनने लिहीत असू.

या प्रसंगातून आम्ही शहाणे झालो असे आम्हांला वाटत होते. यंत्रांच्या बाबतीत झालोही होतो. माणसांच्या बाबतीत आणखी तीन वर्षे जावयाची होती.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. आम्ही अंधेरीत आणि आई वसईच्या घरी एकटी. एरवी लोकलने पाऊण तासाचे अंतर. पण लोकल बंद झाल्या, आणि १५ जूनला सुरू झाल्या त्याही केवळ अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी. आईचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. आपणच तिच्या घरी आजार घेऊन जाऊ, या भीतीने आम्ही अन्य मार्गाने जाणेही टाळले. धाकट्या भावाने पुण्याहून झूमवर कुटुंब एकत्र आणण्याची कल्पना काढली. त्या दिवसांत साऱ्या जगाने हेच केले. डिसेंबर २०१९ मध्ये झूमच्या बैठकांत दिवसाला सुमारे एक कोटी सहभागी मोजले जात (एकच व्यक्ती अनेकदा मोजली जाऊ शके), तो आकडा एप्रिल २०२० मध्ये तीस कोटींवर गेल्याचे कंपनीने सांगितले. त्या कोटींमध्ये आमच्या चार चौकटी होत्या. अंधेरीहून आम्ही, पुण्याहून भाऊ, बहरीनहून बहीण आणि वसईहून आई. शेजारच्या मावशींच्या मुलीने तिला फोन टेबलावर डब्याला टेकवून ठेवण्यास शिकविले होते.

रोज रात्री आठ वाजता आम्ही जपमाळ करीत असू. पहिल्या दिवशी सर्वांनी एकदम प्रार्थना म्हणण्यास आरंभ केला आणि सारा गोंधळ उडाला. आवाज पोहोचण्यास क्षणभराचा विलंब लागे, एकाचा आवाज दुसऱ्याचा आवाज दाबून टाकी. आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या एका सुरात म्हटली गेलेली प्रार्थना तेथे एका सुरात म्हणणे अशक्य होते. अखेर असे ठरले की, ज्याची पाळी असेल त्याने म्हणावे आणि इतरांनी आपला आवाज बंद ठेवून उत्तर द्यावे. आईचे ओठ हलताना दिसत; आवाज ऐकू येत नसे. चाळीस मिनिटे झाली की ती फुकटातली भेट आपोआप तुटे, पुष्कळदा कोणाच्या तरी वाक्याच्या मध्येच.

अनेक धर्मग्रामांत तेव्हा पडद्यावरच मिस्सा सुरू झाली होती. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी पावसात भिजलेल्या, पूर्णपणे निर्जन अशा संत पेत्राच्या चौकातून जगाला आशीर्वाद दिला, तो आम्हीही पडद्यावरच पाहिला आणि आमचे डोळे पाणावले. त्या आशीर्वादाचे बळ खोटे होते, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. मात्र ख्रिस्तसभेने या बाबतीत पूर्वीच एक सीमारेषा आखून ठेविली होती. २००२ साली सामाजिक संपर्कमाध्यमांसाठी असलेल्या परमधर्मपीठाच्या मंडळाने इंटरनेटविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यात स्पष्ट म्हटले होते की इंटरनेटवर संस्कार नसतात, आणि आभासी अनुभव ख्रिस्ताच्या वास्तव उपस्थितीची जागा घेऊ शकत नाही. टाळेबंदीत हे वाक्य अनेकांना कठोर वाटले. आम्हांलाही वाटले. पुढे आमच्याच घरात त्याचा अर्थ आम्हांला कळला.

जुलै महिना होता. आई रोज आठ वाजता स्वच्छ साडी नेसून, केस विंचरून, फोनसमोर बसलेली असे. "कशी आहेस?" म्हटले की "मी बरी" म्हणे. आम्ही भावंडे एकमेकांना सांगत असू की, इतक्या वर्षांत आईची रोज भेट अशी प्रथमच होते आहे. नोकरी लागल्यापासून आम्ही तिला महिन्यातून दोनदा भेटत होतो. आता तर नित्य दर्शन. पडद्यावर चार हिरवे दिवे होते आणि आम्ही निश्चिंत होतो.

एका रात्री जपमाळ संपत आली असता शेजारच्या मावशी आईला भाजी देण्यासाठी आत आल्या. त्यांनी आमच्या चौकटीकडे पाहिले आणि आईकडे पाहिले. मग, आई "नको गं, नको" म्हणत असतानाच, त्यांनी टेबलावरचा फोन उचलला आणि त्याचा डोळा खाली वळविला. आईचा उजवा पाय एका स्टुलावर ठेवलेला होता. घोट्यापासून पोटरीपर्यंत तो सुजून काळानिळा झाला होता. "नऊ दिवस झाले," मावशी म्हणाल्या. "मोरीत पडली. मला शपथ घातली होती, मुलांना सांगू नकोस म्हणून. पण आता मला नाही राहवत बाबा. तुम्ही रोज बघता ना तिला? मग बघता तरी काय?"

त्या रात्री आमच्यापैकी कोणाला झोप लागली नसावी. सकाळी एका परिचिताच्या गाडीने, तोंडाला दुहेरी पट्टी बांधून, आम्ही वसई खाडीवरचा पूल ओलांडला. एक्स-रेमध्ये घोट्याचे हाड चिरले असल्याचे दिसले. सहा आठवडे प्लास्टर राहिले, आणि सहाही आठवडे आम्ही वसईलाच राहिलो. मध्यरात्री कार्यालयातील एखादे आभासी यंत्र कुरकुरले तर आईच्या खाटेशेजारी बसून ते पाहत असू. पहिल्या दिवशी तिला चुलीजवळच्या खुर्चीपर्यंत नेताना आमच्या खांद्यावर तिच्या देहाचा भार पडला, तेव्हा ध्यानात आले की ती किती हलकी झाली आहे. चार महिने तिचा चेहरा आम्ही रोज पाहत होतो. चेहऱ्याला वजन नसते.

प्लास्टर निघाल्यावर एकदा आम्ही तिला विचारले की, हे तू आमच्यापासून का लपविलेस? तिने थोडा वेळ पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले. मग म्हणाली, "तुम्ही सगळे त्या एवढ्याशा चौकटीत आनंदात दिसत होतात. चाळीस मिनिटं तर मिळायची. त्यात पायाचं कशाला काढायचं?" आम्ही तिला दोष देऊ शकलो नाही. तिने आम्हांला तेच दाखविले होते जे आम्हांला पाहावयाचे होते. तो पाय त्या टेबलाखालीच होता, दोन वीत अंतरावर; आणि आम्ही एकदाही, "आई, जरा चालून दाखव," असे म्हटले नव्हते. व्यवस्थापकांना "कार्ड जळालं" असे सांगितलेले आम्हांला त्या वेळी आठवले. "मी बरी" हेही त्याच जातीचे वाक्य होते. फरक एवढाच की, आम्ही ते स्वतःला वाचविण्यासाठी बोललो होतो आणि ती आम्हांला वाचविण्यासाठी.

यावरून कोणी असे समजू नये की आम्ही पडद्यांवर रुसलो आहोत. त्या चौकटी नसत्या तर बहरीनच्या बहिणीला दीड वर्ष आईचा चेहराही दिसला नसता. आणि खरे पाहता, मावशींनी वळविलेला तो फोनच आमच्यापर्यंत सत्य घेऊन आला. यंत्रांवरही आमचा रोष नाही. ती आजही आमचे पोट भरतात. २०२२ मध्ये त्या कार्यालयाची बहुतेक आभासी यंत्रे भाड्याच्या क्लाउडवर गेली. ती मुंबईतील कोणत्या तरी इमारतीत उभी आहेत. ती इमारत आम्ही पाहिलेली नाही आणि बहुधा कधी पाहणारही नाही. परंतु तेथे लोखंडी कपाटे आहेत, वीज आहे, उष्णता बाहेर फेकणारे पंखे आहेत आणि रात्रपाळीला जागणारी कोणाची तरी मुले आहेत, हे आता आम्ही विसरत नाही. यंत्रखोलीच्या दारावरचा तो कागद आता वहीत उतरला आहे. त्यात पूर्वीचेच दोन प्रश्न आहेत. हे कशावर उभे आहे? आणि ते कोसळले तर काय उरते? त्या लेखनिक बाई निवृत्त झाल्या. जाताना कार्बन प्रतींच्या फायलींची किल्ली त्यांनी आमच्याच हाती दिली.

आईला तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अलीकडेच पुन्हा एकदा देऊन पाहिले. यंत्रे खोटी नसतात, आम्ही म्हणालो. ती पाहुणी असतात, दुसऱ्याच्या बळावर चालतात, आणि तो दुसरा कोण आहे याची आठवण ठेवणे हेच आमचे काम. त्याचाच पगार मिळतो. तिने शेंगा सोलता सोलता ऐकून घेतले. "मग हे तर सगळ्यांचंच काम झालं," ती म्हणाली, आणि ताटली आमच्याकडे सरकविली. उरलेल्या शेंगा आम्ही सोलल्या.

रात्री आठ वाजताची जपमाळ आमच्या घरी अजून चालू आहे. रविवारी आम्ही वसईला असतो, तेव्हा एका चौकटीत दोघे बसतो आणि निदान त्या दोघांचा सूर एक असतो. प्रार्थनेपूर्वी मात्र आता एक नवा रिवाज पडला आहे. बहीण बहरीनहून म्हणते, "आई, पाय." मग आई खोटे खोटे रागावते, फोन उचलते, आणि आपल्या दोन्ही पायांवरून, फरशीवरून, मोरीच्या दारावरून तो सावकाश फिरवून परत जागेवर ठेवते. त्यानंतरच आम्ही क्रुसाची खूण करतो.